सागाची वेल कुठाय?

एका जंगलात, बाळांनो, राजा अंधारात राहायचा. अस्वलमहाराज गुहेबाहेर कधी पडत नसत. तरी सगळं जंगल आपल्याला दिसतं, असा त्यांचा ठाम समज होता. राजे लोकांचे समज ठामच असतात.

सोय अशी होती. गुहेबाहेरच्या खडकावर खारी ओळीने बसत. प्रत्येकीने समोरचा ठरलेला तुकडा पाहायचा. मान वळवायची नाही. आग दिसली की आपली वेल ओढायची. सगळ्या वेली खडकातल्या एकाच भोकातून आत जात. आत वटवाघळं लटकलेली. प्रत्येक वेलीने वाढता वाढता वास घेत आपलं वटवाघूळ शोधलेलं. बाहेर ज्या खारी शेजारी, आत त्यांची वटवाघळंही शेजारी. कुठलं वटवाघूळ हललं, यावरून महाराजांना कळायचं की आग कुठे आहे.

भोकावर मात्र कुणी खार बसत नसे. वेलींच्या गर्दीत बसणार कुठे? त्यामुळे भोकासमोरची सागाची राई कुणालाच दिसत नसे. महाराजांना हे ठाऊक नव्हतं. डावीकडचं वटवाघूळ म्हणे, "हिरवं." उजवीकडचं म्हणे, "हिरवं." मग महाराज मधलंही हिरवंच धरत. असं वर्षानुवर्षं झकास चाललं होतं.

भोकाशेजारी झिपरी खार बसायची. तिच्याकडे पाहायला करवंदीची जाळी होती. तिची पिल्लं मात्र सागाच्या ढोलीत होती.

एके दुपारी तिला धुराचा वास आला. नियम मोडून ती भोकावर चढली. राई पेटली होती. पण बिचारी शिस्तीची. पिल्लांकडे धावण्याआधी तिने जागेवर येऊन वेल ओढली.

महाराजांनी तत्परता दाखवली. हत्तीहवालदार सोंडेत पाणी भरून निघाले आणि थेट करवंदीच्या जाळीवर ओतून आले. एक ससा तेवढा भिजला.

"खोटी वर्दी देतेस?" हवालदारांनी दरडावलं.

"हवालदारसाहेब, आग सागात आहे."

"तुझी वेल कुठली?"

"करवंदीची."

"मग आग करवंदीत हवी."

"नाही हो. माझी पिल्लं आहेत तिथे. सागात चला ना."

"सागाची वेल कुठाय?"

"सागाला वेलच नाही, साहेब."

"मग सागात आग कशी असेल?" हवालदार म्हणाले. त्यांनी तिची वेल तोडून शेजारणीला दिली.

झिपरी सागाकडे पळाली. एकेक पिल्लू तोंडात धरून तिने बाहेर काढलं. शेपूट जळलं, पिल्लं वाचली. तिला रडू आलं, ते रागाचं होतं.

इकडे भोकातून धूर गुहेत शिरला. महाराजांना ठसका लागला.

"काय रे, काय दिसतंय?"

"हिरवंगार, महाराज," वटवाघळं खोकत म्हणाली. "चित्र अगदी पूर्ण आहे."

महाराज समाधानाने झोपले. ते उठले नाहीत.

तात्पर्य: बाळांनो, दुसऱ्याच्या तुकड्यातली आग पाहणं हा गुन्हा आहे, आणि जी आग कुणाच्याच तुकड्यात नाही, ती आगच नव्हे. तुमच्या डोळ्यांतून मेंदूकडे अशाच वेली जातात. त्या डोळ्याच्या पडद्यातून जिथे आत शिरतात, तिथे पाहायला कुणी बसलेलं नाही. तुम्हाला ते कधी जाणवलं नाही ना? शाबास. राजा व्हाल.