यूजरला इचारलं का?

आमच्या हॉस्टेलच्या मेसमध्ये आमटी खारट झाली की आम्ही निमूट गिळायचो. सुदाम मात्र ताट घेऊन थेट मेसच्या मावशींसमोर उभा. "मावशी, मीठ टाकायच्या आधी यूजरला इचारलं का?"

सुदाम माझा रूममेट, मुक्काम हिर्डोशी. सॉफ्टवेअर इंजिनिअरिंगच्या पहिल्याच तासाला सरांनी सांगितलं होतं, वापरणाऱ्याला विचारल्याशिवाय काही बनवू नका. आम्ही ते परीक्षेपुरतं पाठ केलं. या पठ्ठ्यानं गुरुमंत्र घेतल्यासारखं पाळलं. मी गादीवर नवी चादर घातली तर हा म्हणाला, "ढेकणांना इचारलं का?" आणि तेही अगदी गंभीरपणे.

शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्टही त्याच्यासारखाच. त्याची आई डोंगरावरच्या वस्तीवर एकटी. दर शनिवारी अर्धा तास उतरून फाट्यावर यायची आणि सुदाम एसटीत नसला की तशीच चढून परत जायची. म्हणून यानं ॲप बनवलं. हा गाडीत बसला की आईच्या मोबाईलवर खबर. पुण्यात झकास चाललं. वस्तीवर मात्र रेंजच नाही. खबर मिळायची ती आई फाट्यावर उतरल्यावर!

पण सुदाम हार मानतो होय? त्यानं ड्रायव्हरमामांनाच सिस्टीममध्ये घेतलं. फाट्याआधीच्या वळणावर तीन हॉर्न वाजले तर सुदाम आला, चहा ठेवायचा. नाही वाजले तर नाही आला. आईनं खाली यायचं कामच नाही. प्रोजेक्टच्या आकृतीत सर्व्हरच्या चौकटीत त्यानं छातीठोकपणे लिहिलं, 'ड्रायव्हरमामा'.

परीक्षेआधीच्या शनिवारी मी साक्षीदार म्हणून सोबत गेलो. वळणावर मामांनी तीन हॉर्न ठणकावले. सुदामनं माझ्याकडे ऐटीत पाहिलं. दोन मिनिटांत फाटा आला, आणि फाट्यावर आई उभी.

"आगं आये, घरीच थांबायचं ठरलं व्हतं ना?"

"व्हय रं. पन हारन न्हाई वाजला तर एकलीनं घरात बसून काय करू? हितं निदान गाडी येस्तवर वाट तरी बघता येती."

सुदामनं तिच्या हातातली पिशवी घेतली. तिच्या मागोमाग तो वस्तीची चढण चढू लागला. मला त्याचं फार वाईट वाटलं.

सोमवारी बाहेरून आलेल्या परीक्षकांनी आकृती पाहिली, हसले आणि विचारलं, "यात चूक काय राहिली?"

"यूजरलाच इचारलं न्हाई, सर."

"मग आता सुधारणा काय करणार?"

"शनिवारची गाडी चुकवणार न्हाई."