राशीभोवतीचं रिंगण

पुनारामच्या घरापुढच्या खळ्यावर सकाळी सगळं तयार होतं. धानाची रास होती, रिकामी पोती होती, ट्रॅक्टर उभा होता आणि खरेदी केंद्रावरचा स्लॉट आजचाच होता. पश्चिमेला ढग भरत होते. फक्त मुकादम नथ्थू आणि त्याचे हमाल राशीपासून लांब उभे होते आणि कोणी पुढे सरकत नव्हतं.

खैरलांजीकडच्या या गावात मळणी झाली की राशीभोवती राखेची रेघ ओढतात. मग रात्री राशीला कसली बाधा होत नाही, अशी समजूत. पुनारामची रेघ त्याच्या चालीसारखीच असे, दुखऱ्या गुडघ्याकडे झुकलेली. आज मात्र राशीभोवती नेमकं वर्तुळ होतं, आणि काठाने त्रिकोण, चंद्रकोरी आणि एक उघडा डोळा.

"मान्साच्या हातानं इतकं गोल निघते काय?" नथ्थू म्हणाला. "करनी करून रास बांधली कोणीतरी. आमी नाई जात अंदर."

पुनारामच्या दोन्ही नाती ओसरीत एकमेकींकडे न बघता उभ्या होत्या. श्रुतिका बालाघाटला अकरावी सायन्सला होती आणि सुटीत येताना तिने एक जाडजूड कादंबरी आणली होती. तीत नायिका तिन्हीसांजेला राखेचं वर्तुळ काढते आणि पंख असलेला वाघ रक्षणाला बोलावते. गावातच राहणाऱ्या दुसऱ्या नातीने, मयुरीने, ती वाचली आणि खरंच येतो का ते बघू म्हणाली. काल संध्याकाळी राख आजोबांनी, म्हणजे आबाजींनी, आयतीच पसरली होती. श्रुतिकेने राशीच्या टोकावर काठी रोवली, दोरी बांधली आणि ती ताणून धरत राशीला फेरी घालून रेघ गोल केली; मयुरीने काठाने पुस्तकातल्या खुणा काढल्या. वाघ आला नाही. जेवायची हाक मात्र आली. काठी आणि दोरी उचलली गेली, वर्तुळ राहिलं.

ढगांकडे बघून शेवटी श्रुतिका पुढे झाली. "आबाजी, ते आम्ही काढलं. दोरीने."

"पोट्टी मोठ्या मनाची आहे," नथ्थू गहिवरून म्हणाला. "घरचे भेऊ नये म्हून आपल्यावर घेऊन राह्यली."

श्रुतिकेला पुराव्याशिवाय बोलणं आवडत नसे. तिने अंगणात खुंटी ठोकली, दोरी लावली आणि सगळ्यांसमोर तसंच दुसरं वर्तुळ काढून दाखवलं. अगदी तसंच निघालं. हमाल ते बघून आणखी मागे गेले. आता ते पोरीच्या अंगात शिरलं होतं.

पुनाराम वैतागून झाडू घेऊन निघाला, तर नथ्थूने त्याला अडवलं. रेघ दिसते तोवर लांब तरी राहता येतं, पुसल्यावर पाय कुठे द्यायचा, असा त्याचा मुद्दा होता. ज्यानं बांधलं त्यानंच सोडायला हवं.

मग कोणी बांधलं, यावर फार चर्चा झाली नाही. शेजारच्या शेतातला डोमाजी आणि पुनाराम यांचं धुऱ्यावरून, म्हणजे सामाईक बांधावरून, कित्येक वर्षांचं वाकडं होतं. बोलणं बंद होतं. एक हमाल त्याला घेऊन आला.

डोमाजीने वर्तुळ पाहिलं, त्यावरचा डोळा पाहिला आणि मग हमालांचे चेहरे. त्याला आजवर कोणी भ्यालं नव्हतं; त्याची शेळीसुद्धा नाही. तो नाही म्हणायला तोंड उघडत होता, ते त्याने मिटलं.

"सोडतो," तो म्हणाला. "पण पह्यले चहा पाहिजे. पुनारामच्या ओसरीत बसून."

पुनारामने ढगांकडे पाहिलं आणि मयुरीला आत पाठवलं. चहा आला. डोमाजीने तो बशीत ओतून, फुंकर मारत, शेवटच्या थेंबापर्यंत प्यायला. पुनारामला राहवेना.

"धुरा उन्हाळ्यात संगंच मोजू गा," तो जमिनीकडे बघत म्हणाला. "आता ऊठ."

डोमाजी उठला. डोळे मिटून काहीतरी पुटपुटत त्याने पायाने सगळी राख विस्कटली. हमाल लगेच राशीवर तुटून पडले. ताडपत्री बांधून ट्रॉली रस्त्याला लागली आणि मागे खळ्यावर टपोरे थेंब पडायला लागले. नथ्थूने जाता जाता डोमाजीच्या पाया पडून घेतलं.

दुपारी पाऊस थांबल्यावर डोमाजी मागच्या दाराने श्रुतिकेला शोधत आला.

"ते गोल तुवंच काढलं ना, पोरी?"

"हौ. पुस्तकात वाचून. पण कोणी मानतच नाही."

"नको मानू दे. वाईट काय झालं त्याच्यात?"

"तुम्ही काय पुटपुटत होता, डोमाजीबाबा?"

"गोंदियाच्या गाडीचे टेसनं. बिरसोला, हट्टा रोड, गर्रा. तेवढंच पाठ आहे मले." तो जरा घुटमळला. "नथ्थूनं राजेगावले साळ्याले फोन केलता. त्याची म्हैस दूध देऊन नाई राह्यली. बांधली म्हनते कोणीतरी. उद्या मले बोलावलं, चहा-नाश्ता सगळं आहे. तुह्या किताबात म्हशीचं आहे काय काही?"

श्रुतिकेने प्रामाणिकपणे आठवून पाहिलं. "म्हशीचं नाही. पंखवाला वाघ आहे फक्त."

डोमाजीने विचार केला.

"चालंल," तो म्हणाला आणि पुस्तकासाठी हात पुढे केला. "म्हैस वाघाले भेतेच."