मौन आणि रस्सीखेच

तर्कशास्त्राच्या बाईंनी दोन उन्हाळे कुलगुरूंच्या मागे लागून अखेर ती परवानगी पदरात पाडून घेतली. सुट्टीत ओस पडलेल्या विद्यापीठात शाळेतल्या मोठ्या मुलांसाठी दोन आठवड्यांचा अभ्यासवर्ग घ्यायचा. थोडं तत्त्वज्ञान, थोडं आकाशदर्शन, थोडा वादविवाद. परीक्षा नाही, गुण नाहीत. ज्यांची उत्तरं पुस्तकाच्या मागच्या पानावर छापलेली नसतात, असे प्रश्न त्या वयात आपल्याला कोणीतरी विचारायला हवे होते, असं बाईंना आयुष्यभर वाटत आलं होतं. आपल्याला कोणी विचारले नाहीत, निदान या पोरांना तरी विचारू, एवढीच त्यांची हौस होती.

विद्यापीठ कॅथलिक फादरांचं. कुलगुरू स्वतः फादर, आणि माणूस वाईट नव्हता. फक्त 'हो' म्हणायची वेळ आली की त्यांच्या पोटात दुखायचं.

"वर्ग घ्या," ते म्हणाले, "पण त्याच दिवसांत आपल्या निवृत्त फादरांचं वार्षिक मौन असतं. आठ दिवस कोणी कोणाशी अवाक्षर बोलत नाही. तुमच्या पोरांच्या दंग्यानं त्यांच्या मौनाला तडा गेला, एकाही फादरांची तक्रार माझ्याकडे आली, तर वर्ग त्याच दिवशी बंद. पुढच्या वर्षीही विषय काढायचा नाही."

"तडा कसा जाईल?" बाई म्हणाल्या. "मुलं नव्या वसतिगृहात, फादर बागेपलीकडच्या अतिथिगृहात. तर्काने पाहिलं तर अशक्यच आहे."

तर्काने पाहिलं तर खरोखरच अशक्य होतं. पण तर्काच्या वाटेत दोन माणसं उभी होती. एक ऑफिसातले भाऊ आणि दुसऱ्या अतिथिगृह सांभाळणाऱ्या सिस्टर.

भाऊंनी आदल्या संध्याकाळीच दोन्ही इमारतींतल्या प्रत्येक खोलीत, उशीवर नीट मधोमध, ज्याच्या त्याच्या दिवसभराच्या कार्यक्रमाचा कागद ठेवला आणि ते सुट्टीवर गेले. भाऊंच्या मते कागद हा खोलीचा असतो. माणसं काय, आज येतात, उद्या जातात.

सकाळी सिस्टर आल्या तर अतिथिगृहाची लिफ्ट बंद. "म्हणजे माझ्या म्हाताऱ्या फादरांनी गुडघे धरत तीन जिने चढायचे, आणि ती घोड्यासारखी पोरं तिकडे तळमजल्यावर लोळणार?" त्या कडाडल्या. "काही नाही. अदलाबदल करा!" त्यांनी वॉचमनला सांगितलं, स्वयंपाकघरात सांगितलं, बॅगा उचलणाऱ्यांना सांगितलं. कागदांचं मात्र कोणालाच सांगितलं नाही, कारण सिस्टरांच्या मते कागद हा माणसाचा असतो. जिथे माणूस जाईल तिथे तो त्याच्या मागून जातोच.

आणि बाई? पहिला दिवस मुलांनी कागद वाचून आपला आपण चालवायचा, मोठ्यांनी मध्ये तोंड घालायचं नाही, ही त्यांचीच लाडकी कल्पना होती. डोकावायचा मोह नको म्हणून त्या ग्रंथालयात भिंतीकडे तोंड करून बसल्या होत्या. शिक्षा झालेल्या विद्यार्थिनीसारख्या, पण स्वखुशीने.

बराच वेळ कुठूनच काही आवाज नाही. 'किती गुणी पोरं,' बाईंना भरून आलं. तेवढ्यात नव्या वसतिगृहाच्या बाजूने आरोळी आली, "ओढाऽऽ! अरे, ओढा की!" आणि पाठोपाठ कोणीतरी धप्पकन पडल्याचा आवाज. बाई चपला पायात न घालताच धावल्या.

हिरवळीवर रस्सीखेच रंगली होती. पण दोराला लटकलेले सगळे केस पांढरे होते, ज्यांना होते त्यांचे. एका फादरांनी चष्मा झाडाच्या फांदीला अडकवून ठेवला होता. दुसऱ्यांची काठी रेषा म्हणून जमिनीवर आडवी पडली होती. सर्वांत पुढे, टाचा रोवून, आजोबा फादर उभे होते. वयाची नव्वदी गाठलेल्या या फादरांना सगळे याच नावानं ओळखत.

"फादर! हे काय चाललंय?"

"संघभावना," आजोबा फादर धापा टाकत म्हणाले. "कागदावर आहे. जेवणापर्यंत संघभावना."

"पण तुमचं मौन?"

"आम्हालाही आधी जरा वेगळंच वाटलं. पण कुलगुरू नवे, कल्पना नव्या. आणि आम्ही आज्ञापालनाचं व्रत घेतलंय, बाई. सोयीची तेवढीच आज्ञा पाळायची, असं त्यात कुठे म्हटलेलं नाही."

"बाई, तुम्ही जरा बाजूला व्हा!" दोराच्या टोकाचे गोलमटोल फादर ओरडले. "तुमच्या नादात आम्ही हरतोय!"

"सकाळी 'स्वतःबद्दलची एक गंमत सांगा' झालं," आजोबा फादर उत्साहाने सांगू लागले. "मग निबंध लिहिला. चार वाजता फुगे फोडायचेत."

बाईंच्या डोक्यात लख्ख उजेड पडला आणि लगेच डोळ्यांपुढे अंधारही आला. आता सांगण्यावाचून गत्यंतर नव्हतं. "फादर, तो कागद तुमचा नाही हो. शाळेतल्या मुलांचा आहे. तुमचं मौनच होतं."

दोर हळूच खाली पडला. फांदीवरचा चष्मा उतरला, काठी उचलली गेली. आजोबा फादरांनी एवढंच विचारलं, "म्हणजे मग... फुगे नाहीत?"

"नाही, फादर."

ते माना खाली घालून एकामागोमाग आत गेले. बाईंना आपण कोणाचं तरी खेळणं हिसकावून घेतल्यासारखं वाटलं. त्याहून वाईट म्हणजे आता प्रत्येक फादराकडे तक्रारीला जागा होती.

फादरांचा कागद मुलांकडे गेला, तर मुलांचं काय झालं असेल? बाई बाग ओलांडून अतिथिगृहाकडे पळाल्या. तिथे मुलं हात मागे बांधून, एकेकटी, सावकाश फेऱ्या मारत होती. एक उंच मुलगा झाडाच्या खोडाकडे इतक्या गंभीरपणे बघत होता की झाडालाच अवघडल्यासारखं व्हावं.

"मुलांनो, थांबा! चूक झालीये. बोला आता, मोकळेपणानं बोला!"

मुलांनी मंद स्मित केलं आणि ती पुढे गेली.

"अरे, मी सांगतेय ना! हा वर्ग माझा आहे!"

पुन्हा मंद स्मित. उंच मुलाने खिशातून कागद काढून एका ओळीवर बोट ठेवलं. 'कोणी बोलतं करण्याचा प्रयत्न केल्यास मोहाला बळी पडू नये. मंद स्मित करून पुढे जावे.'

"अरे, तो कागदच चुकीचा आहे!"

मुलाने भुवया उंचावल्या. मोह याहून वेगळं काय म्हणणार, असं त्या भुवयांना म्हणायचं होतं. त्यातून 'पहिल्या दिवसापासून तुमचं निरीक्षण होईल,' असं बाईंनीच जाहिरातीत लिहिलं होतं. तर्कशास्त्राच्या बाईंनी त्या युक्तिवादात फट शोधून पाहिली. फट नव्हती. इतकं चोख तर्कशास्त्र त्यांच्या पदवीच्या वर्गातही कोणी वापरलं नव्हतं.

एवढ्यात फाटकातून एक आई तरातरा आत आली. तिच्या मुलीला घरात, शाळेत आणि गल्लीत रेडिओ म्हणत, कारण ती डोळे उघडल्यापासून मिटेपर्यंत सुरू असायची. बाईंच्या नियमाप्रमाणे मुलांचे फोन जमा झाले होते, आणि सकाळपासून मुलीचा आवाज कानावर न पडल्यामुळे आईला चैन पडत नव्हतं.

"कुठंय माझी रेडिओ?"

रेडिओ बाकावर बसली होती. तिने आईकडे पाहिलं आणि मंद स्मित केलं.

"अगं, बोल की! काय झालं?" आईने तिच्या कपाळाला हात लावला. "ताप तर नाही. काय केलंत हो हिला? ही अशी हसत नाही कधी! ही हसताना पण बोलते!"

"ताई, शांत व्हा, मी सगळं समजावून सांगते."

"मला नका सांगू. तुमचे मोठे साहेब कुठे बसतात?"

आणि ती निघालीच. बाई मागून धावत होत्या, पण काळजीत पडलेल्या आईला आजवर कोणी गाठलेलं नाही. बाई धापा टाकत कुलगुरूंच्या दारात पोचल्या, तेव्हा आई डोळे पुसत बोलत होती.

"...सोळा वर्षांत पहिल्यांदा गप्प बसलेली पाहिली हो. वाटेत माझ्या डोक्यात उजेड पडला, की ही आजारी नाही, ही शांत आहे! साहेब, तुमचा हा वर्ग दोन आठवड्यांऐवजी दोन महिने नाही का करता येणार?"

कुलगुरूंनी चष्मा काढला. "मुलं गप्प आहेत? मग मघाशी माझ्या खिडकीखाली 'ओढा, ओढा' कोण ओरडत होतं?"

बाईंनी सगळं खरं सांगून टाकलं. खोटं बोलायला तरी काही सुचायला हवं ना!

"म्हणजे मुलांनी नाही, फादरांनीच फादरांचं मौन मोडलं," कुलगुरू सावकाश म्हणाले. "तुमच्या कागदामुळे. उद्या सकाळी या. एक तक्रार, बाई. मी एकच म्हटलं होतं."

कागदावर सूर्यास्ताला मार्गदर्शकांशी बोलायची दिवसातली एकमेव सूट होती, आणि पुढे लिहिलं होतं, 'काही प्रश्न असल्यास विचारावेत.' सूर्य बागेच्या भिंतीआड गेला आणि पोरांचा बांध फुटला.

"बाई, आम्ही पास का?"

"बाई, गप्प बसलं की डोक्यातला आवाज वाढतो का?"

"बाई, तो आवाज आपलाच असतो ना? की आईचा?"

"माझ्या डोक्यात तर दिवसभर मीच बोलत होते," रेडिओ म्हणाली, "आणि पहिल्यांदा मला ते ऐकू आलं. काही काही बरं बोलते मी, बाई!"

यातल्या एकाही प्रश्नाचं उत्तर कोणत्याच पुस्तकाच्या मागच्या पानावर नव्हतं. बाई पायरीवर बसून जमेल तशी उत्तरं देत होत्या, आणि त्यांना आनंदही होत होता आणि रडूही येत होतं. उद्या कदाचित याच मुलांना बॅगा भरायला सांगावं लागणार होतं, आणि ते कोणत्या तोंडाने सांगायचं, हे त्यांना सुचत नव्हतं.

सकाळी कुलगुरूंच्या खोलीत बाई खुर्चीच्या कडेवर बसल्या होत्या. दारावर काठीची टकटक झाली आणि आजोबा फादर आत आले. कुलगुरू झटकन उभे राहिले. शाळेत असताना ते आजोबा फादरांच्या हाताखालून गेले होते, आणि तो हात बराच जड होता म्हणतात.

"बस रे बाळा," आजोबा फादर म्हणाले. "मी मौनातून तेवढी परवानगी काढून आलोय. मला तक्रार करायची आहे."

बाईंनी डोळे मिटले. कुलगुरूंनी 'बघा' अशा अर्थानं मान हलवली.

"काल आम्हाला निबंध लिहायला लावला. 'दहा वर्षांनी तुम्ही स्वतःला कुठे पाहता?' मी चांगलं पानभर लिहून ठेवलं, आणि तो अजून तपासून मिळालेला नाही! मी शाळेत शिकवत होतो तेव्हा पोरांचे पेपर दुसऱ्या दिवशी सकाळी हातात असायचे. ही कुठली पद्धत, बाई?"

बाईंनी डोळे उघडले. "आज देते, फादर. नक्की देते. आणि मौनाबद्दल... काही तक्रार?"

"त्याबद्दल कसली तक्रार? आठाचे सात दिवस झाले, देव काही मोजत बसलेला नाही." आजोबा फादरांचा आवाज जरा खाली आला. "ते गोलमटोल फादर आहेत ना, त्यांच्या शेजारी बसून मी कित्येक वर्षं मौन करतोय. ते कधी माझ्याकडे बघत नाहीत, म्हणून मी त्यांना घमेंडखोर समजत होतो. काल गंमत सांगताना कळलं, त्यांना त्या बाजूच्या डोळ्यानं दिसतच नाही. इतकी वर्षं रोज प्रार्थनेत मी त्यांची घमेंड जावी म्हणून मागत होतो, बाई. डोळ्यासाठी मागायला हवं होतं."

मग कुलगुरूंनी घसा खाकरला. "ते ठीक आहे, फादर. पण शिस्त म्हणून काही असते. तक्रार आली तर वर्ग बंद करायचा असं ठरलं होतं, आणि तक्रार तर आली."

"बंद? का?"

"म्हणजे... तसं ठरलं होतं."

"'ठरलं होतं' हे उत्तर नाही. शाळेतही तुझं हेच असायचं, उत्तर आधी आणि प्रश्न मागून." आजोबा फादरांनी टेबलावरचा कोरा कागद ओढून कुलगुरूंपुढे सरकवला. "घे लिहून. 'मुलांचा वर्ग बंद करावा. कारणे द्या.' मुद्देसूद लिही. खाडाखोड नको. बाईंकडे बघायचं नाही."

कुलगुरूंनी पेनाचं टोपण काढलं. प्रश्न वळणदार अक्षरात उतरवून घेतला. मग ते छताकडे बघत बसले. छतावर काही सापडेना, तेव्हा पेनाचं टोक चावलं. बागेतून रेडिओचा आवाज येत होता; ती कोणाला तरी गप्प बसण्याचे फायदे सांगत होती आणि समोरच्याला मध्ये बोलू देत नव्हती. आजोबा फादर काठीवर हनुवटी टेकून, पर्यवेक्षकाच्या नजरेनं, शांतपणे वाट पाहत राहिले.

अखेर कुलगुरूंनी मान वर केली.

"सर," त्यांनी बारीक आवाजात विचारलं, "हा प्रश्न ऐच्छिक आहे का?"