वालाच्या शेतातले भाऊबंद

सन १९४६च्या माघात पोशीरच्या धाकलूच्या वालात सत्तावीस माकडं उतरली. भात कापल्यावर जमिनीच्या ओलीवर येणारा हा वाल म्हणजे त्याच्या घरचं चार महिन्यांचं कालवण. म्हणून त्याने कर्जतच्या कचेरीत रीतसर अर्ज दिला : बंदुकीचा परवाना मिळावा, मारणार नाही, भिववायला नुसता बार काढीन.

पण आदल्याच संध्याकाळी कर्जतला मारुतीच्या देवळात बुवांचं कीर्तन झालं होतं, आणि त्याच कचेरीतले आबाजी कारकून पहिल्या रांगेत होते. उत्तररंगात बुवांनी डार्विनसाहेबाचं आख्यान लावलं. कबुतरं, गांडुळं न्याहाळीत तो सत्पुरुष वीस वर्षं गप्प बसला आणि मग म्हणाला, माणूस नि माकड एकाच झाडाच्या फांद्या. "तेव्हा जिवामात्रावर माया करा," म्हणत बुवांनी झांज अशी धरली, की सगळा सभामंडप डोलला. आबाजीही डोलले. मायेचं कलम मात्र त्यांच्या ध्यानात राहिलं नाही, नात्याचं राहिलं.

"अर्ज चुकलाय," ते धाकलूला म्हणाले. "ही जनावरांची नासधूस नव्हे. भाऊबंदकी आहे."

"रावसाहेब, माकडं हायती ती."

"घराण्याची थोरली पाती म्हण. तुझ्या आधीपासूनची."

"मंग वाटणी मागाय येतील का काय?"

"मागायची कशाला? घेतायतच. वहिवाट सिद्ध आहे."

पंचनाम्याला हजर राहण्याची माकडांना नोटीस निघाली. कोंडाजी शिपायाने ती बांधावर ठेवली. एका माकडाने उलटसुलट करून पाहिली आणि खाल्ली. कोंडाजीने शेरा मारला : नोटीस पोचली, हरकत नाही.

मग आबाजी पंचनाम्याला शेतात आले. धाकलूची बायको बायजा बांधावरूनच म्हणाली, "भाऊबंद हायती, तर नांगराला का नाय आली वो ही?"

धाकलूला हसू फुटलं. समोरच्या माकडानेही दात विचकले. आबाजींनी लिहिलं : उभयतांचे दात समक्ष पाहिले, नाते सिद्ध, परवाना नामंजूर. जाताना नमुन्यादाखल टोपलीभर शेंगा नेल्या. त्या कोणत्या फांदीच्या वाट्यातल्या, हे पंचनाम्यात नाही.

बुवांच्या कानावर गेलं तेव्हा त्यांचा जीव कळवळला. दुसऱ्या दिवशी ते स्वतः झांज घेऊन बांधावर बसले. माकडं पळाली. तिसऱ्या दिवशी कचेरीतून बुवांना नोटीस आली, हिस्सेदारांना बेकायदा हुसकावल्याची. वालावर निकालापर्यंत मनाई. धाकलूने शेंगेला हात लावायचा नाही. माकडांना मनाईहुकूम अजून पोचायचा आहे.

आता आपण हसलात. दात दिसले. ते कचेरीस कळवणं आमचं कर्तव्य आहे. तेव्हा परसात काही लावलं असेल, तर आजच तोडून घ्या.