शोध्याला सगळं सापडतं

दवाखान्यातल्या नव्या वजनकाट्यावर पहिला पेशंट चढला आणि काटा मोठ्याने बोलला, "चौऱ्याऐंशी किलो. पुन्हा सांगते. चौऱ्याऐंशी किलो."

पेशंट बांधकामाचा कंत्राटदार होता. बाकड्यांवरच्या अकरा माणसांनी माना वर केल्या, तसा तो खाली उतरून खिशातल्या किल्ल्या काढू लागला. काट्याचा प्रोग्रॅम लिहिणारी सूनबाई कोपऱ्यात उभी होती, तिच्या तोंडचं पाणी पळालं. काट्याने मुकाट्याने आकडा दाखवावा, एवढंच ठरलं होतं. आज तो नीट चालला, तर डॉक्टरीणबाई आपल्या बाकीच्या दवाखान्यांसाठी आणखी वीस काटे घेणार होत्या. तिच्या एकटीच्या धंद्यातली ती पहिली मोठी ऑर्डर.

आवाज मात्र तिच्या चांगलाच ओळखीचा होता. घरी सासूबाईंचा लॅपटॉप त्यांना याच आवाजात वाचून दाखवायचा. सासूबाईंना दिसायचं कमी आणि ऐकू त्याहून कमी, म्हणून मोठ्याने, संथ आणि दोनदा.

हे सगळं शोध्याचं काम. सी नावाच्या कॉम्प्युटरच्या भाषेतला प्रोग्रॅम तयार करण्याआधी कॉम्प्युटरवर काय काय आहे, त्यातलं काय घ्यायचं, याची लांबलचक यादी हाताने लिहावी लागते. त्याला कंटाळून सूनबाईने शोध्या बनवला होता. कॉम्प्युटरच्या काळ्या खिडकीत हुकमाची एक ओळ टाकायची, की शोध्या माहेरी आलेल्या लेकीसारखा सगळे डबे उघडून बघायचा आणि यादी लिहून मोकळा व्हायचा. कुणाला काही विचारायचा नाही, याचं तिला भारी कौतुक. काल तिचा लॅपटॉप बिघडला म्हणून तिने शोध्या सासूबाईंच्या लॅपटॉपवर चालवला. तिथे त्याला आवाज सापडला. काट्यात पी पी करायला छोटा स्पीकर होताच. शोध्याने दोघांची सोयरीक जमवून टाकली.

"याचं तोंड बंद होतं का?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

सूनबाईने घाईघाईने स्वेटर काढून स्पीकरवर दाबला.

"चार किलो. पुन्हा सांगते. चार किलो."

"स्वेटर जाड आहे," कंत्राटदार म्हणाला.

"मला नुसता खोकला आहे," असं म्हणत एक बाई उठल्या आणि दाराबाहेर गेल्या. त्यांच्यामागे आणखी दोघी निघाल्या. सूनबाईने घरी फोन लावला.

"आई, तुमच्या लॅपटॉपवरचा वाचणारा आवाज काढून टाका. मग शोध्या परत चालवा. नवा प्रोग्रॅम इकडे आपोआप येईल."

"आवाज काढला तर मला वाचून कोण दाखवणार?"

"संध्याकाळी परत घालते. तोवर मी फोनवर वाचून दाखवीन."

"तू पुटपुटतेस. त्यापेक्षा ती लॅपटॉपवाली बरी."

"आई, वीस काट्यांचा प्रश्न आहे हो."

सासूबाई विरघळल्या. फोनमधून ऐकू आलं, "आवाज काढला जात आहे. पुन्हा सांग..." आणि पुढे शांतता पसरली.

पाच मिनिटांनी कंत्राटदार किल्ल्यांशिवाय, बुटांशिवाय काट्यावर चढला. काटा बोलला नाही. सूनबाईने देवाचे आभार मानले आणि पडद्याकडे पाहिलं.

"आठ," कंत्राटदार हलकेच म्हणाला.

आवाज मिळाला नाही, म्हणून शोध्याने आणखी डबे उघडले होते. त्याला सासूबाईंची मोठी अक्षरं सापडली. ती इतकी मोठी, की काट्याच्या चिमुकल्या पडद्यावर एकच आकडा मावत होता.

कंत्राटदाराने पडद्याचा फोटो काढून बायकोला पाठवला. बाहेर थांबलेल्या तिघी परत आल्या. खोकलावाल्या बाई सहा भरल्या. ज्यांना नुसते कान दाखवायचे होते, तेही रांगेत उभे राहिले.

"डॉक्टर, हे चुकलंय," सूनबाई रडवेली झाली. "वजन पूर्ण दिसतच नाहीये. उद्यापर्यंत वेळ द्या, मी सगळं नीट करते."

डॉक्टरीणबाईंनी रांग बाजूला केली आणि स्वतः चढल्या. पडद्यावर टपोरा सात उमटला. त्या बराच वेळ तशाच उभ्या राहिल्या. मग उतरल्या, टेबलाशी गेल्या आणि ऑर्डरच्या कागदावर सही केली.

"वीसच्या वीस काटे नीट करून आणा. पूर्ण आकडा दिसला पाहिजे, आणि बोलता कामा नये."

"हो. हा पण घेऊन जाते, उद्या दुरुस्त करून देते."

"हा असू दे," डॉक्टरीणबाई आवाज खाली आणून म्हणाल्या. "हा मी घरी नेणार आहे."