काटा मधे येईपर्यंत

"इंजिनाचं मला सांगू नका इद्रीसभाई! एकतीस वर्षं तळोज्याला बॉयलर सांभाळलाय मी. तुमची गाडी म्हणजे आमच्या बॉयलरपुढं चहाची किटली!"

किसनराव गमरे हे बोलले तेव्हा इद्रीस मुकादम हॉस्पिटलच्या बॅगेत पायजमे भरत होते. दुसऱ्या दिवशी त्यांची बायपास होती. नेरूळच्या त्या सोसायटीत दोघांची दारं बावीस वर्षं समोरासमोर. इद्रीसभाई मूळचे उरणकडचे, सगळी नोकरी जहाजावर, इंजिनरूममध्ये. बायको अख्तरुन्निसा चार वर्षांपूर्वी गेली, मुलगी झेबा मस्कतला. जवळचं म्हणावं असं उरलं होतं ते खाली पार्किंगमध्ये उभं असायचं. लाल रंगाची, वीस वर्षांची जपानी गाडी.

गाडीचं इंजिन रोटरी. म्हणजे त्यात पिस्टन नाहीच! आत एक तिकोनी तुकडा गरागरा फिरतो आणि गाडी चालते. किसनरावांना हे पहिल्यांदा कळलं तेव्हा ते दोन दिवस बेचैन होते.

"ऐकून घे," इद्रीसभाई म्हणाले. "थंड इंजिन चालू केलंस, तर लगेच बंद नाही करायचं. हळूहळू फिरवून आणायची. तापमानाचा काटा मधे आला की मग बंद. आधीच बंद केलीस तर आत पेट्रोल साचतं, प्लग भिजतात, मग काही केल्या चालू होत नाही."

"रुसते म्हणा ना!"

"रुसत नाही, बुडते. आणि दुसरं, तेल. ही इंजिन ऑइल पिते. बाकीच्या गाड्यांना तो आजार असतो, हिचा स्वभाव आहे. आतल्या सीलना तेल लागतं, ते थोडं थोडं जळतंच. दर दुसऱ्या वेळी पेट्रोल भरलं की तेल बघायचं. सगळं या कागदावर लिहून ठेवलंय."

"बस? एवढंच?" किसनरावांनी कागद घडी करून खिशात टाकला.

इद्रीसभाईंनी बॅगेची चेन ओढली आणि दुसरीकडे बघत म्हणाले, "डिस्चार्जला मला हिच्यातनंच आण, किसन. ती ॲम्ब्युलन्स नको, टॅक्सी नको. आपल्या गाडीतनं घरी यायचंय."

"वाजत-गाजत आणतो!" किसनराव म्हणाले. आवाज जरा जास्तच मोठा आला. घशात काहीतरी अडकलं की त्यांचा आवाज असाच मोठा व्हायचा.

ऑपरेशन नीट झालं. मधल्या दहा दिवसांत किसनरावांनी गाडी तीनदा फिरवली, तिन्ही वेळा काटा मधे आल्यावरच बंद केली, आणि तिन्ही वेळा घरी येऊन बायकोला, दुर्गाबाईंना, सविस्तर सांगितलं. चौथ्या वेळेपासून माणूस बेफिकीर होतो, आणि चौथी वेळ म्हणजे नेमका डिस्चार्जचा दिवस.

डिस्चार्ज बेलापूरला, अकरा वाजता. किसनराव सकाळी आठलाच हाफपँट आणि बनियनवर खाली उतरले. गाडी पुसायची, झेंडूचा हार घालायचा, मग वर जाऊन आंघोळ, आणि इस्त्रीचा सफारी. बेत एकदम पक्का! पार्किंगमध्ये अंधार होता म्हणून त्यांनी गाडी चालू केली, दहा फूट पुढे उजेडात घेतली, आणि बंद केली.

का बंद केली? तर उगाच पेट्रोल कशाला जाळायचं! आयुष्यभर जाता-येता लोकांचे दिवे-पंखे बंद करणारा माणूस तो. हात आपोआप गेला.

गाडी पुसून झाली. हार घातला. किल्ली फिरवली. सेल्फ नुसता कण्हला. पुन्हा फिरवली. पुन्हा कण्हणं. आणि नाकात पेट्रोलचा वास शिरला तसं किसनरावांच्या लक्षात आलं, की आपण बुडवली!

त्यांनी घाबरून आणखी बारा वेळा किल्ली फिरवली. तेराव्या वेळी बॅटरीही गेली.

चहाचा थर्मास आणि हॉस्पिटलच्या एसीसाठी जांभळी शाल घेऊन दुर्गाबाई खाली आल्या, तर नवरा स्टिअरिंगवर डोकं टेकून बसलेला.

"अहो! काय होतंय? छातीत दुखतंय का?"

"मला काही नाही झालं. हिला झालं."

"मग त्या तबरेजला फोन करा ना."

"त्याला सांगितलं तर तो इद्रीसभाईंना सांगेल!"

"आणि नाही सांगितलं तर इद्रीसभाई अकरा वाजता व्हीलचेअरवर बसून वाट बघतील. द्या इकडे फोन."

तबरेज म्हणजे तुर्भ्याचा मेकॅनिक, या गाडीचा एकमेव डॉक्टर. तो अर्ध्या तासात बाइकवर आला, मागे बॅटरी बांधून. बॉनेट उघडून त्याने वास घेतला आणि काहीही न विचारता म्हणाला, "चालू केली आणि लगेच बंद केली ना काका?"

"मी म्हणजे... फक्त दहा फूट..."

"दहा फुटासाठीच बुडते ही. पन्नास किलोमीटर चालवा, काही टेन्शन नाही."

त्याने पेट्रोलचा फ्यूज काढला, प्लग काढून पुसून वाळवले, वायरी जोडल्या. किसनरावांना ॲक्सिलरेटर तळापर्यंत दाबून किल्ली फिरवायला सांगितली. आत साचलेलं पेट्रोल फुर्र फुर्र करत बाहेर पडलं. मग प्लग बसवले, फ्यूज लावला. "आता मारा!"

गाडी खोकली, शिंकली, आणि मागून पांढरा धूर निघाला. असा धूर, की पार्किंग दिसेनासं झालं, जिना दिसेनासा झाला!

"आग! आग!" तिसऱ्या मजल्यावरून कोणीतरी किंचाळलं.

आता सोसायटीचे सेक्रेटरी शिवराम सकपाळ गेले आठ महिने फायर ड्रिल घ्यायची म्हणत होते. आयती संधी! त्यांनी भोंगा वाजवला. दोन मिनिटांत सगळी बिल्डिंग खाली. कोणी दागिन्यांचा डबा घेऊन, कोणी पासपोर्ट घेऊन, एक बाई गॅसवरचा कुकर फडक्यात धरून. आणि स्वतः सकपाळ आग विझवायचा लाल सिलेंडर उचलून थेट गाडीकडे!

"थांबा!" किसनराव दार उघडून बाहेर आले आणि बॉनेटपुढे दोन्ही हात पसरून उभे राहिले. "पावडर मारलीत तर माझ्या अंगावरून मारा!"

"काका, बंद करा गाडी!"

"बंद नाही करणार! एकदा केली तेवढी पुरे!"

"काका, निघा तुम्ही!" तबरेज ओरडला. "वीस मिनिटं फिरवा, हळू चालवा, रेस देऊ नका. आणि काटा मधे येईपर्यंत बंद करू नका! इथलं मी बघतो."

किसनराव गाडीत बसले. दुर्गाबाई शेजारी आधीच बसल्या होत्या, मांडीवर थर्मास आणि शाल. धुरातून झेंडूचा हार घातलेली लाल गाडी बाहेर पडली, तेव्हा दोन-तीन मुलांनी टाळ्याही वाजवल्या.

पाम बीच रोडला लागल्यावर दुर्गाबाई म्हणाल्या, "अहो, तुम्ही बनियनवर आहात."

"माहितेय."

"आंघोळ पण नाही."

"अगं, काटा बघ! काटा कुठे आलाय?"

"खालीच आहे. आणि हा पिवळा दिवा कसला लागलाय?"

किसनरावांनी दिव्याकडे बघितलं. तेल! या गाडीत दोनदा पेट्रोल भरलं होतं, आणि तेल एकदाही बघितलं नव्हतं. आता करायचं काय? तेलासाठी थांबून बंद करावी तर काटा मधे आलेला नाही. न थांबावी तर दिवा लागलाय. एकतीस वर्षं बॉयलर सांभाळलेला माणूस पाम बीचला चाळीसच्या वेगाने घामाने थबथबला.

"तो कागद कुठे आहे इद्रीसभाईंचा?" दुर्गाबाईंनी विचारलं.

"हाफपँटच्या खिशात. पण त्यावर एवढंच आहे, मला पाठ आहे."

दुर्गाबाईंनी कागद काढला, उलगडला आणि उलटा केला. "मागे पण लिहिलंय की!"

"मागे?"

"'पिवळा दिवा, तेल कमी. घाबरू नको. गाडी गरम होऊ दे, मग सपाट जागी बंद कर, पाच मिनिटं थांब, पट्टी पुसून बघ आणि थोडं थोडं घाल. डबा डिकीत आहे. लाल दिवा लागला तर मात्र तिथल्या तिथे बंद.'" त्यांनी चष्मा वर सरकवला. "त्याखाली बुडली तर काय करायचं तेही आहे. फ्यूज काढा, पाय पूर्ण दाबा. सगळं तबरेजने केलं तेच."

किसनरावांनी उगाचच आरसा सरळ केला.

"अजून एक ओळ आहे शेवटी." दुर्गाबाईंनी कागद जवळ धरला. मग हळू आवाजात वाचलं. "'आणि किसन, गाडीचं काही झालं तर होऊ दे. तू धावपळ करू नकोस. तुझं बीपी बघ. तुला काही झालं तर मला समोरच्या दारात कोण आहे?'"

सिग्नल लागला होता. हिरवा होऊनही किसनराव हलले नाहीत. मागून हॉर्न वाजले तेव्हा त्यांनी बनियनच्या टोकाने डोळे पुसले आणि म्हणाले, "पेट्रोलच्या वासाने डोळे झोंबतात."

"हो ना," दुर्गाबाई म्हणाल्या. "मलाही झोंबले."

वाशीपर्यंत जाऊन परत फिरेस्तोवर काटा मधे आला. इतका सुरेख, घड्याळात बारा वाजल्यासारखा सरळ! एका पेट्रोल पंपाच्या कडेला सपाट जागा बघून त्यांनी गाडी बंद केली आणि पाच मिनिटं हातात घड्याळ धरून उभे राहिले. डिपस्टिक काढली, पुसली, पुन्हा घालून बघितली. तेल तळाच्या खुणेखाली होतं. डिकीतून डबा निघाला, पण नरसाळं नव्हतं. दुर्गाबाईंनी पंपावरून रिकामी पाण्याची बाटली मागून घेतली, पर्समधल्या छोट्या कात्रीने तिचं बूड कापलं आणि ती उलटी धरली. किसनरावांनी धार सोडली. बाटली दुर्गाबाईंनी जराही हलू दिली नाही.

"बस, बस! वरच्या खुणेच्या पुढे नाही जायचं," त्याच म्हणाल्या. त्यांनी कागद एकदाच वाचला होता.

गाडी एका सेल्फमध्ये चालू झाली.

अकराला पाच मिनिटं असताना गाडी हॉस्पिटलच्या पोर्चमध्ये शिरली. इद्रीसभाई व्हीलचेअरवर बसले होते, वाळलेले, दाढी वाढलेली, छातीशी उशी धरून. हार घातलेली गाडी बघितली, तिच्यातून उतरलेला हाफपँट-बनियनवाला मित्र बघितला, हवेत राहिलेला वास घेतला.

"बुडवलीस ना?"

"थोडी," किसनराव म्हणाले.

इद्रीसभाईंना हसू आलं, पण टाके दुखले म्हणून त्यांनी उशी छातीशी गच्च दाबून धरली आणि तसेच हसत राहिले.

इंजिन चालूच होतं. आता गरम आहे, बंद केलं तरी चालेल, असं इद्रीसभाई दोनदा म्हणाले. पण किसनरावांचा आता बंद या शब्दावरच विश्वास उरला नव्हता. मागे ॲम्ब्युलन्स येऊन थांबली. वॉचमन शिट्ट्या फुंकू लागला. दुर्गाबाईंनी इद्रीसभाईंची बॅग आणि एक जादा उशी मागच्या सीटवर ठेवली, उशी घसरू नये म्हणून वरून शाल टाकली, आणि काहीतरी म्हणाल्या. किसनराव इद्रीसभाईंचा सीटबेल्ट टाक्यांना लागू नये म्हणून वाकून धडपडत होते. मागचं दार ठप्पकन लागलेलं त्यांनी ऐकलं. वॉचमनने पुन्हा शिट्टी मारली. किसनराव निघाले.

इद्रीसभाईंनी डोळे मिटून घेतले होते. रस्ता मोकळा होता, इंजिन शिलाई मशीनसारखं एकसुरात चाललं होतं. आरशात मागच्या सीटवरची जांभळी शाल दिसत होती. किसनरावांना एकदम भरून आलं.

"ऐक गं," ते समोर बघतच म्हणाले. "आज तू नसतीस ना, तर मी अजून त्या पार्किंगमध्येच बसलो असतो."

मागून उत्तर नाही. रागावली असेल. साहजिक होतं.

"मी बढाया मारतो, मला कळतं. बॉयलर, बॉयलर! बॉयलरवर आम्ही चार माणसं होतो. घरी तू एकटी. छत्तीस वर्षांत कधी बोललो नाही, पण माझा कागद नेहमी तूच उलटा करून वाचलास. मी आपला पुढचीच बाजू वाचून उड्या मारतो." त्यांनी गिअर बदलला. "फार चांगली आहेस तू. बस. बोललो."

मागे तशीच शांतता. किसनरावांना ती फार गोड वाटली. रडत असेल, म्हणून त्यांनी आरशात बघायचंही टाळलं.

सोसायटीत त्यांनी गाडी लावली, काटा तीनदा तपासला, इंजिन बंद केलं आणि उतरून मोठ्या आदबीने मागचं दार उघडलं. "चला, दुर्गाबाई!"

सीटवर एक बॅग होती. एक उशी होती. उशीवर शाल होती.

फोन वाजला.

"अहो, कुठे आहात तुम्ही?" दुर्गाबाईंचा आवाज. "मेडिकलमधून गोळ्या आणते म्हणून सांगितलं ना तुम्हाला? अर्धा तास उन्हात उभी आहे मी!"

किसनरावांनी शाल उचलून खाली बघितलं. पुढच्या सीटवर मात्र इद्रीसभाई टक्क जागे होते. उशी दाबून दाबून त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. त्यांनी हात लांब करून फोन काढून घेतला.

"भाभी, तुमचं ऐकायचं राहिलं! काय बोलला हा तुमच्याबद्दल, काय बोलला! मी सांगत नाही, त्याच्याच तोंडून ऐका. पाठवतो त्याला."

इद्रीसभाईंना लिफ्टने वर सोडून किसनराव पुन्हा बेलापूरला गेले. दुर्गाबाई पुढच्या सीटवर बसल्या, गोळ्यांची पिशवी मांडीवर घेतली, पट्टा लावला. गाडी नेरूळच्या पुलावर आली. मग त्या खिडकीबाहेर बघत म्हणाल्या, "काय म्हणत होतात मघाशी?"

किसनरावांचे कान तापले. त्यांनी दोनदा घसा खाकरला, एकदा आरशात बघितलं, एकदा रस्त्याकडे.

"हे म्हणत होतो," ते म्हणाले, आणि आवाज नको तेवढा मोठा आला, "की तेल महिन्यातून दोनदा बघायला पाहिजे!"