फियाट चालू करण्याची पद्धत

सिप्रियननं कुंपणावर वाळत घातलेल्या पांढऱ्या चादरीपुढे गाडी थांबवली आणि अदबीनं म्हटलं, "बसा सिस्टर, कॉन्व्हेंटपर्यंत सोडतो."

चादर काही बोलली नाही. शेजारी बसलेली त्याची बायको थेरेसाही बोलली नाही. "हल्लीच्या सिस्टर घुम्या," असं म्हणत त्यानं गिअर टाकला, आणि थेरेसानं तिथंच ठरवलं, फियाट विकायची.

डोळ्यांची नस सुकत चालली आहे, गेलेली नजर परत येणार नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. सिप्रियनला ते मान्य नव्हतं. "निर्मळ गावचा रस्ता मला पाठ आहे."

"रस्ता पाठ आहे. रस्त्यावरची माणसं रोज बदलतात."

दुसऱ्या कोणी चालवायचा प्रश्नच नव्हता. वडिलांच्या वेळची ती फियाट फक्त सिप्रियनच्या हाताला दाद द्यायची. आधी बॉनेटवर हात ठेवायचा, चोक अर्धा ओढायचा, डॅशबोर्डला डावीकडे थाप मारायची आणि काहीतरी पुटपुटायचं. काय पुटपुटायचं, ते त्यानं बायकोलाही सांगितलं नव्हतं.

थेरेसानं शाळेत जन्मभर विज्ञान शिकवलं होतं. जुन्या गाड्यांचा लिलाव करणाऱ्या एका साइटवर तिनं जाहिरात प्रयोगवहीसारखी लिहिली. मागची दारं फक्त बाहेरून उघडतात. उजवीकडे वळताना हॉर्न आपोआप वाजतो, नेहमी नाही. गाडी चालू करण्याची पद्धत फक्त सध्याच्या मालकाला येते.

सिप्रियननं ते तिच्याकडून वाचून घेतलं. "गाडी विकतेस की पोस्टमॉर्टेम करतेस?"

"पोस्टमॉर्टेममध्ये खोटं लिहीत नाहीत."

एकच दोष तिनं लिहिला नव्हता. तो गाडीचा नव्हता.

खरेपणालाही गिऱ्हाईक असतं. पुण्याहून, कोइंबतूरहून बोली चढू लागली. तेवढ्यात गावाला पत्ता लागला. गावातल्या बहुतेक नवऱ्या त्याच गाडीतून चर्चला गेल्या होत्या, त्यामुळे चार चांगले शब्द लिहायला सगळे साइटवर धावले.

"उत्तम गाडी," हेलननं लिहिलं. "माझ्या लग्नात रेडिएटर गळला, तर नवऱ्यानं फुलांच्या बादलीतलं पाणी ओतलं."

"गळला नव्हता, उकळला होता," थेरेसानं खाली लिहिलं. "दोन्ही वेगळं."

कुवेतहून फ्लॉईडनं भर घातली. "अंकल बाहेरून दार उघडायला विसरले, तर माझी बायको खिडकीतून उतरली. झग्यासकट. फर्स्ट क्लास गाडी."

पुण्याच्या गृहस्थांनी विचारलं, "ही गाडी कधी वेळेवर पोचली आहे का?"

"पोचली आहे," फ्लॉईडनं कळवलं. "वेळेचं विचारू नका."

पुणं गळालं. कोइंबतूर गप्प झालं. शेवटची बोली एका टोपणनावाची राहिली.

दुसऱ्या दिवशी त्या टोपणनावाचा धनी ओटीवर येऊन उभा राहिला. तो गावचा बँडमास्तर लेस्ली होता.

"गावानं वर्गणी काढलीय, टीचर. गाडी बाहेर गेली तर पोरींनी काय रिक्षानं जायचं चर्चला? आणि अंकल, तुम्ही कशाला तोंड पाडताय? चालू करणं तुम्हालाच येतं, टीचरनी स्वतः लिहिलंय. म्हणजे ड्रायव्हर तुम्हीच. रविवारी आमच्या रोवेनाचं लग्न आहे."

थेरेसाच्या डोळ्यांपुढे रविवार उभा राहिला. रस्त्याच्या दोन्ही कडांना माणसं, मधून पोरं पळताहेत, आणि स्टिअरिंगवर सिप्रियन. तिनं तोंड उघडलं. पण नवऱ्याचं आंधळेपण परक्यासमोर मांडायला तिला शब्द सापडेना.

सिप्रियननं खिशातून किल्ली काढली, जरा वेळ हातात धरली, मग लेस्लीपुढे केली. "बस. फिरव."

"आधी बॉनेटवर हात ना, अंकल?"

"नुसती फिरव."

लेस्लीनं फिरवली. फियाट चालू झाली, कुठलीही गाडी होते तशी.

"आणि ती थाप?" थेरेसानं विचारलं.

"कोणी गाडी मागायला येऊ नये म्हणून." तो लेस्लीच्या दिशेला वळला, थोडा चुकीच्या बाजूला. "मध्यंतरी मी एका चादरीला बसा म्हटलं रे, मागाहून उमगलं. रविवारी तूच चालव."

थेरेसा आत गेली. इतकी वर्षं तिनं निरीक्षण केलं होतं, प्रयोग एकदाही केला नव्हता. आणि तो निष्कर्ष आपल्या नावानं जगभर छापला होता. तिनं जाहिरात दुरुस्त करून पाहिली. लिलाव संपल्यावर दुरुस्ती होत नव्हती.

बाहेर लेस्ली सिप्रियनला मागच्या सीटवर, नवरीच्या जागेवर बसवून तळ्याभोवती फेरी मारून आला. उजव्या वळणावर हॉर्न वाजला. अंगणात गाडी लावून, किल्ली तशीच ठेवून, लेस्ली वर्गणीदारांना खबर द्यायला गेला.

मागच्या काचेवर टकटक झाली. "थेरेसा, दार उघड."

ती काचेजवळ वाकली. "आधी सांगा, पुटपुटत काय होता?"

"प्रार्थना."

"कसली?"

त्यानं तोंड समोर वळवलं. "तू कधी किल्ली मागू नयेस, अशी."

थेरेसानं दार उघडलं. पण ते पुढचं. ती स्टिअरिंगमागं बसली, पदर सारखा केला आणि आयुष्यात पहिल्यांदा किल्ली फिरवली.

गाडी चालू झाली. तिनं बंद केली, पुन्हा फिरवली. पुन्हा चालू झाली.

"आणखी एकदा," ती म्हणाली. "एका प्रयोगावर निष्कर्ष काढत नाहीत."

मागं नवरीच्या जागेवर सिप्रियन हात मांडीवर ठेवून मुकाट बसून राहिला.